डाव्या गालातली गाठ

४ जून

बारक्या,

तू दाढा काढणं सोडलंस, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. तुझ्या बायकोकडून, फोनवर, मी भाजी चिरत असताना नाही. ती बिचारी सहज बोलून गेली. "हल्ली ते काढायचं काम घेतच नाहीत, दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात." मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, दोन वर्षं होत आली. मग तिच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतोय, आणि तिला एकदम गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवलं.

दातांचा डॉक्टर आणि दाढा काढत नाही. उद्या मी सांगेन की मी काच फुंकते, पण आगीजवळ जात नाही.

आशीर्वाद वगैरे नेहमीचे आहेत, ते धरून चाल. मुद्द्याचं बोलते. तुझ्या हाताला यश आहे हे मी आजवर ज्याला त्याला सांगत आले. आमच्या प्रयोगशाळेचा पहारेकरी माझ्या शब्दावर एवढा बसचा प्रवास करून तुझ्याकडे आला होता, आठवतं? अजून मला पाहिलं की नमस्कार करायच्या आधी तोंड उघडून ती जागा दाखवतो. म्हणतो, बाई, कळलंसुद्धा नाही. असे हात मिळायला लोक जन्म घालवतात, आणि तू ते खिशात घालून बसलायस.

आणि रागावलास कशावरून? आतेबहिणीच्या मुलीच्या लग्नात मी चारचौघांत तुझं कौतुकच केलं. म्हटलं, माझी दाढ पार कुजली होती, जीव नकोसा झाला होता, भावाने एका बैठकीत काढली आणि त्या दिवसापासून जबड्याने कधी तक्रार केली नाही. तू भरल्या ताटावरून उठलास. हातसुद्धा धड धुतले नाहीस. तेव्हापासून आमच्या घराचा उंबरा तुला वर्ज्य. कौतुक ऐकून उठून जाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

कारण मी विचारणार नाही. मला एवढंच हवंय की तू पुन्हा पक्कड हातात घ्यावीस आणि आमच्याकडे यावंस. यातलं आधी काय करायचं ते तू ठरव, मोठी बहीण म्हणून तेवढी सवलत देते.

बाकी सगळं ठीक. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी घड्याळं दुरुस्त करत सुटलेत, त्यामुळे कुठल्याच दोन खोल्यांत एक वेळ नाही. माझ्या जबड्याचं जरा सुरू आहे, डाव्या बाजूला. तुझ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून तर मोकळेपणाने लिहितेय. आमचं काम तुला ठाऊक आहे. लेथवर काच फिरत असते, दोन्ही हात तिच्यात गुंतलेले, म्हणून फुंकायची रबरी नळी दातांत धरावी लागते. एक टोक काचेला, दुसरं माझ्या डाव्या दाढांत. सगळी नोकरी त्या नळीला चावण्यात गेली. हल्ली सकाळी तोंड उघडायला वेळ लागतो आणि जांभई गाल धरून द्यावी लागते. संस्थेच्या डॉक्टरांनी वेदनांच्या एका डॉक्टरणीकडे चिठ्ठी दिलीय. वेदनांचासुद्धा वेगळा डॉक्टर असतो, हे मला नवीन होतं.

तुझी ताई


१२ जून

बारक्या,

उत्तर नाही. हरकत नाही, मला लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या डॉक्टरणीकडे जाऊन आले. खोली लहान, पण लखलखीत. भिंतीवर कातडी सोललेल्या चेहऱ्याचं मोठं चित्र आहे, सगळे स्नायू लाल. बाई म्हणजे पोरगीच, केस रबराने मागे बांधलेले, पायात खेळायचे बूट. मला म्हणाली, "काकू, तोंड उघडा." मी म्हटलं, काकू मी घरी. इथे मी काचविभागाची प्रमुख आहे. ती म्हणाली, "बरं, प्रमुख, तोंड उघडा." तिथेच ती मला पसंत पडली.

तिने यंत्रबिंत काही आणलं नाही. एक बोट गालाच्या बाहेरून, एक आतून, आणि मधला स्नायू चिमटीत धरून हळूहळू चाचपत गेली. दात दाबा म्हणाली, सोडा म्हणाली. तुमच्या लोकांना घाई असते, ही अगदी निवांत. एका ठिकाणी तिच्या बोटाखाली सुतळीसारखं काहीतरी ताठ लोळलं. तिथे ती थांबली आणि दाबलं.

बारक्या, गालात दुखलं नाही. खाली दाढेत दुखलं. आणि ती दाढ तिथे नाहीच. ती तू काढलेली आहेस.

तिने विचारलं, "इथली दाढ कुणी काढली?" मी म्हटलं, माझ्या भावाने, आणि फार सुंदर काढलीय, बघून घ्या. तिने बॅटरी लावून खरंच पाहिलं. म्हणाली, "हो, जागा छान भरलीय. हाडाला कुठे धक्का नाही." मी म्हटलं, ते तेवढं तुमच्या कागदावर लिहा. ती हसली, पण लिहिलं. मी वाकून पाहिलं.

मग ती आणखीही काही म्हणाली. ते लिहिण्यासारखं नाही.

तिचं म्हणणं असं की स्नायू सतत आवळून धरला की त्यात अशा गाठी बसतात. ट्रिगर पॉइंट म्हणतात. गाठ एका ठिकाणी आणि कळ दुसऱ्याच ठिकाणी. गालातल्या गाठीची कळ दाढांमध्ये उतरते, कानशिलावरच्या गाठीची वरच्या दातांत. दुखणं खरं असतं, फक्त त्याचा पत्ता खोटा असतो. तुला हे माहीत असेलच. नसेल तर तुमच्या कॉलेजात शिकवायला हवं होतं. चूक कॉलेजची.

त्या गाठीत इंजेक्शन द्यायचं होतं. औषध भुलीचंच, अगदी थोडं, सुई केसासारखी. तिने गाठ दोन बोटांत पकडली, "टोचतेय" म्हणाली आणि आत गेली. सुई गाठीला लागली तशी अख्खा गाल आपोआप उडाला. माझा गाल, आणि मला न विचारता. ती खूश होऊन म्हणाली, "सापडली." मग सुई पूर्ण बाहेर न काढता थोडी मागे घेतली, दिशा बदलली, परत आत, परत मागे. दर खेपेला कळ त्या रिकाम्या जागी जाऊन आली. ती म्हणाली, "डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, हरकत नाही." मी म्हटलं, हरकत मला आहे. खुर्चीचा हात मी एकदाही आवळला नाही. हे तुझ्या बायकोला सांग, ती इंजेक्शनच्या नावाने पलंगाखाली जाते.

तुझी ताई


१९ जून

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळींची औषधाची चिठ्ठी. गाल बधिर असताना काही चावू नकोस, गरम पिऊ नकोस. लगेच कामावर जाऊ नकोस. कोमट शेक घे. आरशासमोर तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम कर. खाली सही, तीही डॉक्टरची, भावाची नाही.

तरी मी ते भावोजींना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. कारण त्या पोरीने मला हेच सगळं सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. म्हटलं, बघा, ती त्यातली खास शिकलेली, आणि आमचा हा इथून एवढ्या लांब बसून नुसत्या पत्रावरून सांगतो. भावोजी म्हणाले, "हो, हुशार आहेच तो. पण आलाय का?" या माणसाला नको तिथे नेमका प्रश्न सुचतो.

आता फरक सांगते. दोन दिवस गाल सुजल्यासारखा दुखला, मग एका सकाळी उठले आणि जांभई दिली, तर गाल धरायचा राहूनच गेला. तोंड पूर्ण उघडलं. मी आरशासमोर तीन बोटं उभी घालून पाहिली, बसली. काल संध्याकाळी भावोजी शेंगदाणे खात बसले होते, मीही मूठभर घेतले. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अगं, तू डावीकडे चावतेयस." मी म्हटलं, मग? तर म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा."

ज्या माणसाला बाहेरच्या खोलीतला दिवा गेलेला आठवडाभर दिसत नाही, त्याला हे दिसलं होतं.

दोन वर्षं म्हणजे अगदी रोज नाही. कधीमधी दुखायचं. म्हणजे थंडीत जास्त. लग्नात मी उजवीकडे खात होते ते पंगतीत डाव्या हाताला मांडव गळत होता म्हणून. हे पान फाडून दुसरं लिहिणार होते, पण दोन्ही बाजूंनी भरलंय.

ताई


३ जुलै

बारक्या,

आज दुसरी खेप झाली. या वेळी गालात एक आणि कानशिलावर एक. कानशिलाची कळ वरच्या दातांत गेली, ती म्हणाली होती तशीच. तुझ्या चार ओळींतली दुसरी ओळ मी पाळली नाही. तिथून थेट कामावर गेले.

जायला कारण होतं. रसायन विभागाच्या बाईंना एक उंच ऊर्ध्वपातनाचं नळकांडं हवं होतं, एकात एक दोन नळ्या, मधून पाणी फिरणार, आणि वर चार तोंडं. बाहेर विचारलं तर सगळ्यांनी हात वर केले. त्यांच्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्याच्यावाचून अडला होता. माझा जबडा आखडल्यापासून ते काम लेथवर नुसतं आखून पडलं होतं. मी म्हटलं, आता जबडा सुटलाय, आजच घेते.

गाल बधिर होता. मला वाटलं, बरंच झालं, दुखणार नाही. काच तापली, नरम झाली, मी नळी नेहमीसारखी डावीकडे दातांत धरली आणि फुंकलं. आता फुंकर म्हणजे जोर नव्हे. हवा किती गेली ते आम्हाला ओठांना कळतं, गालाला कळतं, डोळ्यांना नंतर. आणि माझ्या त्या बाजूला काहीच कळत नव्हतं. ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटत होती, लाळ हनुवटीवर आलेली, मला पत्ता नाही. काच आत खचायला लागली तशी मी जास्त जोर लावला. आतली नळी एका बाजूला फुगली, पातळ झाली आणि गेली. इतक्या दिवसांचं आखलेलं काम एका श्वासात.

आमच्या विभागाची एक रीत आहे, तुला कधी सांगितली नसेन. काच गेली की ज्याच्या हातून गेली त्याने बर्नर बंद करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझ्याकडून गेली." बाकीच्यांनी मान वर करायची, "गेली" म्हणायचं आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. ही रीत मी घातली. आधी लोक तडा गेलेला तुकडा गुपचूप सांधून पुढे पाठवायचे आणि तो कुणाच्या तरी तोंडासमोर फुटायचा. रीत घातल्यापासून एकही तुकडा बाहेर जाऊन फुटला नाही. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

तर मी बर्नर बंद केला. खोलीत सगळ्यांचे बर्नर चालू होते, पण हात थांबलेले. माझ्याकडे न बघण्याची सगळ्यांची धडपड चालली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लंबू बोलला. लंबू म्हणजे माझ्या शेजारच्या लेथवरचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला, जीवाला जीव देणारा माणूस. म्हणाला, "बाई, ती नळीच खराब होती. मी कालच बदलणार होतो."

बारक्या, मला असा राग आला. तो माझी लाज राखत होता, हे मला दिसत होतं. प्रेमाने करत होता. पण मला वाटलं की तो माझ्या तोंडावर हात ठेवतोय. माझ्याकडून काच गेली होती. ती माझी होती. ती माझ्याकडून काढून घेऊन तो एका रबराच्या नळीला देत होता. मग मी काय करायचं? आयुष्यभर त्या नळीला दोष देत फिरायचं, आणि लंबू दिसला की खाली बघायचं?

मी म्हटलं, "लंबू, नळी चांगली आहे. माझ्याकडून गेली."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "गेली." मागून सगळे म्हणाले, "गेली." आणि बर्नर पुन्हा घुमायला लागले. मी तोंड पुसलं, खाली पडलेली काच झाडून घेतली आणि चहा प्यायला गेले. चहा ओठातून सांडला, पण मला फार बरं वाटत होतं. चहा पिताना तू आठवलास.

तू आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास. दाढ काढून महिना झाला असेल. म्हणालास, "ताई, मला त्या दाढेबद्दल बोलायचंय." मी म्हटलं, त्या दाढेबद्दल काय बोलायचं, सोनं केलंस, जेवायला बस. पुन्हा एकदा फोनवर सुरू केलंस, तेव्हा मी भावोजींना फोन दिला. तिसऱ्यांदा तू लग्नात माझ्या शेजारी येऊन बसलास. बोलायलाच आला असणार. आणि मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं तुझं कौतुक सुरू केलं.

आज इतकंच. भूल उतरतेय आणि गाल ठणकतोय. तुझी दुसरी ओळ बरोबर होती.

ताई


१७ जुलै

बारक्या,

हे पत्र लांबेल. बसून वाच.

आधी कामाचं. नळकांडं झालं. पुन्हा पहिल्यापासून आखलं, आणि आठवडाभर त्या पोरीने शिकवल्याप्रमाणे नळी दातांत न धरता नुसत्या ओठांत धरायची सवय केली. दात सुटे, ओठ मिटलेले. या वयात फुंकायला नव्याने शिकले म्हण. पहिले दोन दिवस लंबू हसू दाबत होता, तिसऱ्या दिवशी तोही ओठांत धरायला लागला. चारही तोंडं सरळ बसली, पाणी सोडून पाहिलं, एक थेंब गळला नाही. रसायनवाल्या बाई न्यायला आल्या तेव्हा ते दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता सोडू नका म्हणजे झालं.

काल तिसरी खेप होती. डॉक्टरणीने गाल चाचपला, जुनी गाठ तिला शोधावी लागली. दाबली तर गालातच दुखलं, थोडंसं, जिथल्या तिथे. इंजेक्शनची गरजच नाही म्हणाली. मग मी म्हटलं, एक राहिलंय, उजवीकडे वर थंड पाणी लागलं की कळ जाते, तिथेही एक गाठ शोधा. तिने उजवा गाल पाहिला, कानशील पाहिलं, मान पाहिली. कुठेच काही नाही. मग एका बारीक दांडीने दातांवर एकेक टकटक केली आणि शेवटच्या दाढेवर मी खुर्चीतून उठले. ती म्हणाली, "प्रमुख, ही गाठ नाही. ही खरोखरची दाढ आहे." एक्स-रे काढला. अक्कलदाढ, बाजूने पोखरलेली, मुळापर्यंत. इतके दिवस डावीकडच्या गोंगाटात तिचं ऐकूच आलं नव्हतं.

मला तिने खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी गेले, खुर्चीत बसले, त्याने गळ्यात फडकं बांधलं. माणूस चांगला होता, हात स्वच्छ, खोली नीटनेटकी. त्याने एक्स-रे पाहिला आणि म्हणाला, ही काढायलाच हवी, आत्ताच काढू. मी फडकं सोडून त्याच्या हातात दिलं. म्हटलं, माझा दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "मग इथे कशाला आलात?" मी म्हटलं, खात्री करून घ्यायला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

पहिल्या दिवशी त्या पोरीने जे म्हटलं आणि मी तुला लिहिलं नाही, ते असं. "मग ती काढलेली दाढ बहुतेक चांगलीच असेल, काकू." मी तिला म्हटलं होतं की तुम्ही तुमचं बघा. पण मला तिने सांगायची गरज नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं, तुझ्याच खुर्चीत.

तू ती दाढ काढलीस, खरंच कळलंही नाही. मी बोळा दाबून बसले होते. तू ती बेसिनवर धुतलीस आणि खिडकीपाशी नेऊन बघत राहिलास. उलटीसुलटी करून. बाहेर बाकावर लोक बसले होते, एक लहान मूल रडत होतं, आणि तू तिथून हललाच नाहीस. तुझ्या खांद्यावरून मला ती दिसली. पांढरी, मुळं शाबूत, कुठे डाग नाही, चीर नाही. मग तू वळलास आणि मी डोळे मिटले. तू ती कापसात गुंडाळून डगल्याच्या खिशात घातलीस, आणि मी विचारलं, कशी होती? तू काही बोलायच्या आत मीच म्हटलं, कुजलेलीच असणार, किती छळलं हिने.

मला तुझा चेहरा सहन झाला नाही. एवढाच त्याचा अर्थ. तुला शाळेत पहिल्यांदा सोडलं तेव्हासुद्धा मला तो सहन झाला नव्हता, आणि मी तुला घरी परत आणलं होतं. तेव्हा आईने आपल्या दोघांना धुतलं.

पुढे दुखत राहिलं ते मी गिळलं. वाटलं, मी दुखत नाही म्हटलं की ती दाढ कुजकी ठरेल आणि तू सुटशील. सगळ्या जगाला सांगत सुटले. तू मात्र दाढांचाच डॉक्टर, पंगतीत मी कुठल्या बाजूने चावते ते तुला दिसणारच होतं. मी जितकं कौतुक करत गेले तितका तू लांब गेलास, आणि मला वाटत राहिलं की माझा भाऊ मानी आहे. आहेच. कुणाचा भाऊ आहे?

तर ऐक. दाढ चांगली होती. तू चुकलास. कळ दाढेत होती, गाठ गालात होती, तुला ती सापडली नाही आणि तू एक धडधाकट दाढ माझ्या तोंडातून काढलीस. तुझ्याकडून गेली.

गेली.

आता यावर मी समजूत घालणार नाही आणि तूही माझी घालू नकोस. कॉलेजची चूक म्हटलं होतं तेही मागे घेते.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी तू ती कुजली होती म्हणाला असतास, तर मी हो म्हटलं असतं, घरच्यांनी हो म्हटलं असतं, आणि तू आजवर सुखाने दाढा काढत बसला असतास. कुणी विचारणार नव्हतं. तू ते केलं नाहीस. तीन वेळा मला सांगायला आलास, आणि मी ऐकेना तेव्हा पक्कड खाली ठेवलीस. आपल्या कामाचं एवढं ओझं वाहणारी माणसं मी माझ्या विभागात मोजकीच पाहिली आहेत, आणि त्यांना मीच तयार केलंय. तुला कुणी तयार केलं नाही, तू मुळातच तसा आहेस. हे कौतुक नाही, त्यामुळे उठून जायचं कारण नाही. मला तुझा अभिमान वाटतो, हे नुसतं कळवतेय.

मंगळवारी पहिल्या गाडीने येतेय. उजवी, वरची, शेवटची. एक्स-रे आणते, पण त्यावर विसंबू नकोस, तुझा तू काढ. दाढेवर टकटक कर, थंड लावून बघ, गाल चाचप, हवा तेवढा वेळ घे. आणि तुला वाटलं की काढायची नाही, तर तसं तोंडावर सांग, मी उलटपावली परत येईन. पण दुसऱ्या कुणाकडे पाठवायची भाषा केलीस तर तुझ्या बाकावर डबा घेऊन बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला तू लहानपणी कुठे कुठे पडलास ते सांगेन.

भावोजी सोबत येताहेत. तुझ्या दवाखान्यातलं घड्याळ मागे पडतं, असं त्यांना कुठूनसं कळलंय.

आणि या वेळी काढल्यावर मला दाखव.

ताई